यंदा किती वाचायची?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की वाचणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तऱ्हेचे फोटो पडू लागतात. एकात सरत्या वर्षी वाचून झालेल्या पुस्तकांची चळत असते, दुसऱ्यात नव्या वर्षासाठी आणलेल्यांची. दुसरी चळत नेहमीच उंच, आणि तिच्यातल्या निम्म्या पुस्तकांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नसतं. खाली आकडा. कुणाचा चाळीस, कुणाचा शंभर, आणि सगळ्यांत लाडका म्हणजे बावन्न. वर्षाचे आठवडे बावन्न, आठवड्याला एक पुस्तक. दोनशे पानांचं पुस्तक धरलं तर वर्षाची १०,४०० पानं होतात, म्हणजे दिवसाला अठ्ठावीस-एकोणतीस. एवढं तर कुणीही वाचेल, सकाळ-संध्याकाळच्या चहात होऊन जाईल, असं त्या दिवशी प्रत्येकाला वाटतं.

हिशोब चुकत नाही, पण पानं सारखी नसतात. रहस्यकथेची तीस पानं ठाणे ते कुर्ला संपतात आणि एखाद्या कवितेच्या अर्ध्या पानावर माणूस तीन दिवस अडून राहतो. आठवडेही सारखे नसतात. मी बँकेत आहे. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात माझं वाचन म्हणजे वरून आलेली परिपत्रकं. मे महिन्यात घरात पाहुणे आणि आमरस, भाद्रपदात गणपती, त्यानंतर लेकीची सहामाही. माझ्या नोंदी पाहिल्या तर खरं वाचन होतं ते जून-जुलैत, पाऊस लागून राहिला की, आणि पुन्हा जानेवारीत. उरलेलं वर्ष चिमटीत सापडेल तेवढं. तेव्हा बावन्न भागिले बावन्न बरोबर एक, हे गणित शाळेतल्या फळ्यावर शोभेल.

तरीही मी दर वर्षी आकडा ठरवते. वर्षाचं उद्दिष्ट जाहीर करायची ही रीत आपल्याकडे आली ती इंग्रजी वाचकांच्या संकेतस्थळांवरून; तिथे अशी आव्हानं २०११ च्या सुमाराला रुळायला लागली. तिला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. वाचन काय मोजायची गोष्ट आहे का, आनंद किलोत मोजता का, वगैरे. त्यांचं म्हणणं मला पटतं. पण असं म्हणणाऱ्यांच्या हातात वाचायला मोकळा तास असतो, असाही माझा अनुभव आहे.

आपल्याकडे घरात कुणी पुस्तक घेऊन बसलं की ते माणूस रिकामं आहे, असं धरून चालतात. तेच माणूस फोनमध्ये डोकं घालून बसलं असेल तर त्याला कुणी हाक मारत नाही, ऑफिसचं काही असेल म्हणून. लॅपटॉप उघडा असेल तर दार हळू लावतात. पण पुस्तक हातात असलेल्या बाईला कुणीही, कधीही, कशालाही उठवावं. ‘वाचतच बसलीयस ना, मग तेवढ्या मेथीच्या दोन जुड्या निवडून टाक.’ यात कुणाचा दुष्टपणा नसतो. घरात प्रत्येकाच्या कामाला एक दर्जा असतो आणि वाचन त्या उतरंडीत भांडी पुसण्याच्याही खाली येतं, कारण भांडी नाही पुसली तर दिसतात.

मी पहिल्यांदा उद्दिष्ट ठेवलं ते एका ॲपवर. तीस पुस्तकं. ॲप नेमानं कळवायचं की तुम्ही ठरल्यापेक्षा चार पुस्तकं मागे आहात. मग पाच, मग सात. हा निरोप घरातल्या कुणालाच दिसत नव्हता आणि मलाही अंगठ्याच्या एका फटक्यात पुसता येत होता, त्यामुळे त्याचा परिणाम शून्य. शिवाय त्या ॲपवर मराठी पुस्तक शोधायचं म्हणजे वेगळीच करमणूक. एकाच कादंबरीच्या रोमन लिपीत चार नोंदी, चारही वेगळ्या स्पेलिंगच्या. एकीत लेखकाच्या जागी प्रकाशक, दुसरीत पानांची संख्या शून्य. शून्य पानांचं पुस्तक मी वाचून संपवलं म्हणून ॲपनं माझं अभिनंदनही केलं होतं.

फरक पडला तो एका रविवारी दुपारी. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली आणि मी, काहीशी चिडून, पण तोंडावर हसू ठेवून म्हटलं, ‘आई, आजची माझी पंचवीस पानं राहिलीत हो.’ मला वाटलं, आता टोमणा येणार. त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मग बस की आधी. नेम मोडू नये.’ एवढंच नाही, नवरा बाल्कनीतून काहीतरी विचारायला आला तेव्हा त्याला परस्पर अडवलं: ‘तिला उठवू नकोस, तिचं व्हायचंय अजून.’

त्या वाक्यानं माझ्या पंचवीस पानांना एकदम जातकुळी मिळाली. सासूबाईंना वार्षिक आव्हान, ॲप, टक्केवारी यांतलं काहीही सांगून उपयोग झाला नसता. पण माणसानं रोज अमुक इतकं करायचं ठरवलंय आणि ते झाल्याशिवाय ते उठणार नाही, ही गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागत नव्हती. त्यांचं स्वतःचं आयुष्य अशा ठरावांवरच चाललेलं. आंघोळ झाली की दासबोधाचा एक समास. मग चहा. पाहुणे असोत, लग्न असो, गावी असोत, पोथी पिशवीत असतेच.

त्यांच्या या वाचनाचा हिशोब मी एकदा मांडून पाहिला. दासबोधाचे दशक वीस, दशकाला दहा समास, म्हणजे २०० समास, ओव्या ७,७५१. समासाला सरासरी एकोणचाळीस ओव्या पडतात. कुणी १ जानेवारीला सुरू केलं आणि लीप वर्ष नसलं तर १९ जुलैला ग्रंथ पुरा होतो. २० जुलैला पुन्हा पहिला समास. दुसरी फेरी संपायला पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी उजाडतो. त्यामुळे वर्षाला किती पुस्तकं, या प्रश्नाला त्यांच्याकडे पावणेदोनच्या थोडं वर असं काहीतरी विचित्र उत्तर येईल, आणि तेही एकाच पुस्तकाचं. ॲपच्या लेखी ही बाई जवळजवळ निरक्षर ठरेल.

आमच्या माहेरी वाचायचे ते आजोबा. दत्तजयंतीच्या आधी गुरुचरित्राचा सप्ताह. त्यांच्या पोथीतली वाटणी अशी होती: पहिल्या दिवशी नवव्या अध्यायापर्यंत, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, मग एकोणतीस, पस्तीस, अडतीस, त्रेचाळीस आणि सातव्या दिवशी समाप्ती. लहानपणी मला यात अन्याय वाटायचा. दुसऱ्या दिवशी बारा अध्याय आणि पाचव्या दिवशी फक्त तीनच? पुढे पोथी चाळली तेव्हा उलगडा झाला. छत्तिसावा आणि सदतिसावा, आचारधर्माचे ते अध्याय, लांबच लांब आहेत. ज्यानं ही वाटणी केली त्याला प्रत्येक अध्याय वाचायला किती वेळ लागतो हे ठाऊक होतं. त्यानं अध्याय मोजले नव्हते, बसणाऱ्याची मांडी मोजली होती. बावन्न पुस्तकांवाल्या आव्हानांत हे शहाणपण मला अजून कुठे दिसलेलं नाही.

(बायकांनी गुरुचरित्र वाचू नये असा तेव्हा दंडक. आजी उंबऱ्याच्या आत बसून ऐकायची. आजोबांचा शब्द अडखळला की आतून बरोबर शब्द यायचा. कुणी किती वाचलं याची नोंद झाली असती तर ती आजोबांच्या नावावर झाली असती, हे उघडच आहे.)

गावच्या देवळात चातुर्मासात पोथी लागायची. श्रीधरांचा हरिविजय, नाहीतर पांडवप्रताप, कधी महिपतींचा भक्तिविजय. आषाढीला सुरुवात, कार्तिकीला समाप्ती. एक जण वाचणार, दुसरा अर्थ सांगणार, बाकीचे ऐकणार, आणि त्यात निम्मे डुलक्या काढणार. चार महिन्यांत अख्ख्या गावाचं मिळून एक पुस्तक. तरी कार्तिकीला ‘आमची पोथी पुरी झाली’ असं म्हणताना डुलक्या काढणाऱ्यांच्याही आवाजात कमी पडलेलं नसायचं. त्यामुळे ऐकलेलं पुस्तक वाचलेलं धरायचं की नाही, यावर हल्ली ऑडिओबुकवाल्यांत जी भांडणं चालतात ती मला जरा गमतीचीच वाटतात. नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाला आहे. भाजी चिरताना ऐका, लोकलमध्ये ऐका, आणि खुशाल धरा.

खरी भानगड दुसरीकडेच आहे: मुळात पुस्तक कशाला म्हणायचं? युनेस्कोनं हा प्रश्न १९६४ साली सोडवून टाकला. देशोदेशींच्या प्रकाशनांची आकडेवारी एका मापानं जमवता यावी म्हणून त्यांनी ठरवलं की मुखपृष्ठाची पानं सोडून किमान ४९ पानं असलेलं आणि नियतकालिक नसलेलं छापील प्रकाशन म्हणजे पुस्तक. ४९ च का, ५० का नाही, हे मला विचारू नका. हा नियम मी घरात वाचून दाखवला आणि दोन माणसं एकदम नाराज झाली. एक लेक, कारण तिच्या कपाटातली निम्मी पुस्तकं चोवीस-बत्तीस पानांची. दुसरा नवरा.

नवऱ्याचं वाचन म्हणजे दिवाळी अंक. कादंबरी हातात घेतली तर तो तिसऱ्या प्रकरणात झोपतो, पण दिवाळीच्या आधी आठवडाभर स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर रोज उभा राहून, मागचं-पुढचं चाळून, अनुक्रमणिका पाहून, चार-पाच अंक निवडून आणतो. वाचनालयाची दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी भरतो ती निराळीच. फराळ संपतो, तुळशीचं लग्न होतं, थंडी सरते आणि पाडव्याच्या सुमाराला त्याचा शेवटचा अंक वाचून होतो. राशिभविष्य तेवढं पहिल्या दिवशी वाचलेलं असतं, आणि ते चुकलंय हे शेवटचा अंक संपेपर्यंत सिद्ध झालेलं असतं.

तर त्याचं म्हणणं, एक अंक म्हणजे अडीचशे पानं, तीही मोठ्या आकाराची, बारीक टायपातली. त्यात एक लघुकादंबरी, आठ-दहा कथा, एखादा खणखणीत परिसंवाद, व्यक्तिचित्रं, कविता. तुझ्या त्या एकशेदहा पानांच्या पुस्तकाला एक गुण आणि माझ्या अंकाला शून्य? आणि हे सांगताना तो इतिहासाची मदत घेतो. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून शंभराहून जास्त वर्षं मराठी माणूस वर्षाचं वाचन दिवाळीला भरून ठेवत आलाय, युनेस्को तर कालची.

मी म्हणते, अंक नियतकालिकच आहे. तो म्हणतो, वर्षातून एकदा निघणारं कसलं नियतकालिक, वर्षातून एकदा तर पंचांगही निघतं. मी म्हणते, तू जाहिराती सोडून वाचतोस, शिवाय कविता सोडतोस, मग अंक वाचला असं कसं म्हणायचं? यावर तो माझ्याकडे नुसता बघतो, कारण मी प्रस्तावना सोडते हे त्याला माहीत आहे. मला मनातून त्याचं पटलेलं आहे. कित्येक मराठी कादंबऱ्या आधी दिवाळी अंकात आल्या आणि नंतर वाढवून पुस्तक झाल्या. ज्यानं ती अंकात वाचली त्यानं ती पुस्तकवाल्यांच्या आधी वाचली. पण आमच्या ग्रुपवर त्याच्या यादीला अजून मान्यता नाही आणि ती मिळवून द्यायची जबाबदारी मी घेतलेली नाही.

आकड्याचा एक दोष मात्र खराच आहे, आणि त्याला उपाय नाही. आकडा पातळ पुस्तकांची बाजू घेतो. नोव्हेंबर संपत आला की ग्रुपवर विचारणा सुरू होते, ‘शंभर पानांच्या आतलं काही चांगलं सुचवा.’ मग एकांकिका, भाषणांच्या पुस्तिका, चारोळ्या यांना बरे दिवस येतात. याउलट भालचंद्र नेमाड्यांची ‘हिंदू’ २०१० साली आली. पानं सहाशेच्या घरात. ती वाचणाऱ्याचे दोन महिने गेले आणि यादीत एकानं भर पडली. अशा पुस्तकाला आकडा ठेवणारा माणूस जानेवारीत घाबरून आणि डिसेंबरात हिशोबानं हात लावत नाही. मोठी पुस्तकं कपाटाच्या खालच्या खणात जाऊन बसतात ती अशी.

त्यातही पातळ म्हणजे हलकं असं नाही. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ सालची. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, त्या बोटीवरचे दिवस, आणि एवढ्यातच सगळं. दीडशे पानंही नाहीत. संध्याकाळी हातात घेतली तर दुसऱ्या दिवशी संपते. पण ती संपल्यावर आठवडाभर दुसरं काही उचलवत नाही. तो आठवडा कुठल्या रकान्यात भरायचा? वाचलेल्या पुस्तकापेक्षा न वाचलेला आठवडा मोठा असतो कधी कधी, आणि ॲप त्याला सरळ ‘मागे पडलात’ म्हणतं.

म्हणून ॲप सोडून मी वहीकडे वळले. कल्पना माझी नाही, बाबांची. ते गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना एक दोनशेपानी वही सापडली. लाल बॉलपेननं पट्टीशिवाय आखलेले रकाने: क्रमांक, पुस्तक, लेखक, कुठून, शेरा. आयुष्यभर कारकुनी केलेल्या माणसाचं अक्षर, एकही खाडाखोड नाही. वर्षाची बेरीज कुठेही नाही. एक जानेवारी आली आणि गेली तरी क्रमांक पुढे चालूच.

‘कुठून’ या रकान्यात वाचनालय, शेजारून, रद्दीतून, ‘लग्नात आलेले’, आणि एका ठिकाणी नुसतं ‘एस.टी.त सापडले’. शेरे तर वाचत राहावेत असे. ‘बरे.’ ‘लांबवले आहे.’ ‘शेवट पटला नाही, पण दुसरा सुचतही नाही.’ ‘पान ५४ वर थांबलो. दोष माझा असावा.’ ‘पुरे.’ एका जागी लागोपाठ शिकारकथांची रांग लागली आहे, मधे दुसरं काहीच नाही. तारखा जुळवून पाहिल्या. काका हॉस्पिटलमध्ये होते तो काळ. बाबा रात्री त्यांच्याजवळ झोपायला जायचे. रात्रभर त्या खुर्चीत बसून माणूस दुसरं काय वाचणार?

ॲप वर्षाच्या शेवटी रंगीत गोल काढून दाखवतं: अमुक टक्के कथा, तमुक टक्के चरित्रं. बाबांच्या वहीत गोल नाहीत, पण त्यांनी कोणत्या दिवसांत काय उचललं ते आहे. मी त्यांचेच रकाने उचलले आणि एक जादा घातला, ‘कुणाला दिलं’. हा रकाना भरायला लागल्यापासून आमच्या नातेवाइकांत माझी लोकप्रियता घटली आहे. भाच्याच्या मुंजीत मी जेवणाच्या पंगतीत एका चुलत जावेला तारखेसकट विचारलं होतं.

वाचनालयाच्या पुस्तकांना अशी एक वही मुळातच चिकटवलेली असते. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ सालचं, ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भाव्यांच्या पुढाकारानं उभं राहिलेलं. अशा जुन्या वाचनालयातलं कुठलंही पुस्तक उघडून शेवटचं पान बघावं. परत करायच्या तारखांचा कागद डकवलेला असतो, त्यावर जांभळ्या शाईचे शिक्के, वरून खाली, काही सरळ, काही घाईत तिरके पडलेले. एखाद्या पुस्तकाचे शिक्के दर पंधरा दिवसांनी, मुंगीला जागा नाही इतके दाट. एकावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा कागद. आणि एखाद्यावर २००६ चा शिक्का, त्याखाली थेट २०१९, त्याखाली माझा. तेरा वर्षं ते पुस्तक कपाटात उभं होतं आणि कुणाच्याच बावन्नात बसलं नव्हतं. माझ्या आधी २०१९ मध्ये ते कुणी नेलं असेल, त्या माणसाशी दोन शब्द बोलायला मला आवडलं असतं. एकशेबाराव्या पानावर पेन्सिलीनं बारीक उद्गारचिन्ह आहे. अगदी मी काढलं असतं त्याच ओळीशी.

शिक्क्यांचे कागद वाचायची सवय लागल्यापासून माझी निवड बदलली. वर्षातून काही पुस्तकं मी मुद्दाम अशी घेते की ज्यांना बरीच वर्षं कुणी हात लावलेला नाही. त्यातली निम्मी टाकाऊ निघतात. कुणी नेली नाहीत ते बरोबरच होतं, असा शेरा मी वहीत लिहिते. राहिलेल्या निम्म्यांसाठी हा खटाटोप.

वेळेचं म्हणाल तर माझा मोठा तुकडा रेल्वेच्या कृपेनं आहे. ठाण्याहून सुटणारी स्लो पकडली तर बसायला मिळतं आणि सीएसएमटीपर्यंत तासभर हातात येतो. फास्टनं वीस मिनिटं वाचतात, पण वाचन बुडतं. दारात उभं राहून, एका हातात कडी आणि दुसऱ्या हातात पुस्तक, पान उलटायला हनुवटी, हे मी तिशीत केलं, आता होत नाही. त्यामुळे सकाळी लवकर निघून स्लोच. घरून जाताना सासूबाई विचारतात, ‘आज गाडीत होईल ना तुझं?’ जसं काही डब्याबद्दल विचारावं तसं.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकांबद्दल माझे नियम साधे आहेत. सोडलेलं पुस्तक वहीत जातं, पान क्रमांकासह, पण आकड्यात धरत नाही. पुन्हा वाचलेलं पुस्तक आकड्यात धरते, अगदी दहाव्यांदा वाचलेलं असलं तरी. इथे माझं आणि ग्रुपचं पटत नाही. त्यांच्या मते तेच पुस्तक पुन्हा वाचणं म्हणजे जागा अडवणं. इतकी नवी पुस्तकं पडलीत आणि तू काय हे! पण ज्या घरात सप्ताह आणि समास पाहत मी वाढले आणि पुढे नांदले, तिथे एकदा वाचून बाजूला ठेवलेल्या पोथीला कुणी वाचलेली म्हणत नसे. ‘माणदेशी माणसं’तली माणसं, ‘स्मृतिचित्रे’तली मिशनरी कंपाउंडातली ती फटकळ बाई, ‘बलुतं’मधला कावाखान्यात वाढलेला तो मुलगा, यांच्याकडे मी दर दोन-तीन वर्षांनी जाऊन येते. ओळखीच्या घरी गेल्याची बोलणी कुणी खाल्लेली मला माहीत नाही.

यंदाचा आकडा चोवीस ठेवला आहे. त्यात एक तरी पुस्तक पाचशे पानांच्या वरचं, एक कवितेचं, सावकाश, आणि सहा अशी की ज्यांच्या शिक्क्यांत दहा वर्षांचं अंतर आहे. मार्च आणि भाद्रपद वगळले आहेत. त्या महिन्यांत काही वाचून झालं तर ते वरकमाई. रोजचं माप पानांचं नाही, स्लो लोकलचं आणि रविवारच्या दुपारचं. नवऱ्यानं त्याच्या अंकांसाठी माझ्या वहीची शेवटची दहा पानं मागून घेतली आणि तिथे स्वतःचे रकाने आखले. त्यात ‘भविष्य खरं ठरलं का’ असा एक रकाना आहे.

लेकीचं प्रकरण निराळं. सासूबाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही आठवडे वाचायला मनाई केली. नेम मोडायचा प्रश्नच नव्हता. मग सकाळी शाळेच्या आधी लेक समास वाचते आणि त्या ऐकतात. ती जोडाक्षरांवर अडखळली की त्या डोळे मिटूनच पुढचा शब्द सांगतात. आता डोळा बरा आहे, तरी व्यवस्था तीच चालू राहिली आहे, कारण दोघींनाही मोडायची नाही. परवा लेकीनं तिची स्वतःची वही दाखवली. वर मोठ्या अक्षरात ‘माझी पुस्तकं’, आणि खाली एका समासाला एक क्रमांक. मी म्हटलं, ‘अगं, हे सगळं मिळून एक पुस्तक आहे.’ तिनं आजीकडे पाहिलं. आजी म्हणाली, ‘रोज एक संपवते ती, मग एक कसं?’ या हिशोबानं लेकीची १३७ पुस्तकं झाली आहेत आणि माझी नऊ. ग्रुपवर टाकू का, असं विचारत होती.